घरच्या वाडीत नवीन डुक्कर आणताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीच्या बाजूला आमची छोटी वाडी आहे. नारळ, सुपारी, थोडे काजू, सहा शेळ्या, कोंबड्या किती ते मोजत नाही आणि डुकरं. धंदा नाही हो, हौस. पण हौस म्हटली तरी चुका करून झाल्यात आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे आणलेलं डुक्कर गाडीतून उतरवून थेट जुन्या डुकरांत सोडलं. त्यापायी काय भोगलं ते खाली येईलच. फोनवर लोक तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

एकच पिल्लू आणलं तर चालेल का?

नको. दोन आणा. डुक्कर कळपातलं जनावर आहे, एकटं ठेवलं की दिवसभर कोकलतं, दार उचकटतं, रात्री झोपत नाही आणि तुम्हालाही झोपू देत नाही. तुमच्याकडे आधीची डुकरं असली तरीसुद्धा दोनच आणा, कारण एक तर पहिला महिना त्यांना वेगळं ठेवायचंय तेव्हा एकमेकांची सोबत होते, आणि दुसरं म्हणजे नंतर जुन्यांत मिसळताना सगळा राग एकट्यावर निघत नाही, तो वाटला जातो. एकाच वेतातली भावंडं मिळाली तर सोन्याहून पिवळं.

कोणती जात घ्यायची?

आपल्या कोकण-गोव्याच्या हवेत मला विचाराल तर गावठी काळं डुक्कर किंवा त्याचा क्रॉस. गोव्यातलं आगोंदा गोअन ही आता रीतसर नोंदणी झालेली देशी जात आहे, जुने गोव्याला एला इथे आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषद) जे किनारपट्टी शेती संशोधन केंद्र आहे त्यांनी या जातीवर बरंच काम केलंय. अंगाने लहान, कशावरही भागवतं, पाऊस-दमट हवा सोसतं. पांढरं यॉर्कशायर वजन पटापट धरतं, पण त्याला खाद्य तसंच लागतं आणि गोरं असल्यामुळे उन्हात कातडी भाजते, चक्क लाल होऊन सोलवटते. हौसेच्या वाडीला तो घोडा कशाला बांधायचा.

रानडुकराचं पिल्लू सापडलंय ते पाळू का असं पण एकाने विचारलं होतं. नाही. वन्यजीव कायद्यात येतं ते, फॉरेस्टवाल्यांना फोन करा.

विकत घ्यायला गेल्यावर काय बघायचं?

आधी पिल्लू बघूच नका, त्याची आई आणि तिची शेड बघा. बाकीची डुकरं खोकतायत का, पातळ शेण पडलंय का, गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी मेलं का हे सरळ तोंडावर विचारा. विकणारा उत्तर द्यायला घुटमळला तर चहा पिऊन परत या.

मग पिल्लाकडे. निरोगी पिल्लू तुम्ही शेडमध्ये शिरल्यावर दचकतं, भुंकल्यासारखा आवाज काढून पळतं आणि मिनिटभरात परत वास घ्यायला येतं. जे कोपऱ्यात पाठ वाकवून केस उभे करून उभं आहे ते घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. कानाच्या आत बोट फिरवून बघा, तपकिरी खपली खरवडून येत असेल तर खरूज आहे. बेंबीजवळ गोळा लोंबतोय का (हर्निया), चारही पायांवर सारखा भार देतंय का, शेपटीखालचा भाग स्वच्छ आहे का. नर असेल तर खच्ची केलाय का हे स्वतः बघून घ्या, "केलाय, केलाय" वर विश्वास ठेवू नका. आणि आईचं दूध तुटून निदान आठवडा झालेला असू दे, म्हणजे आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू चांगलं. दूध सुटणं, गाडीचा प्रवास आणि नवी जागा हे तिन्ही एकाच दिवशी झालं की हगवण लागलीच म्हणून समजा.

आठवडी बाजारातून शक्यतो घेऊ नका. दहा गावची डुकरं एकमेकांना नाक लावून उभी असतात तिथे.

गाडीतून आणताना काही काळजी?

पहाटे निघा. डुकराला घाम येत नाही म्हणजे येऊन न आल्यासारखाच, त्यामुळे दुपारी बंद टेम्पोत ते उकाड्याने मरू शकतं, हे घाबरवायला नाही सांगत. निघायच्या आधी चार-पाच तास खायला देऊ नका, डुकरांना गाडी लागते आणि ती ओकतात. पाणी मात्र द्या. खाली भाताचा पेंढा जाड घाला. गोव्यातून महाराष्ट्रात किंवा उलट आणणार असाल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून दाखला घेऊन ठेवा, आफ्रिकन स्वाइन फिव्हरमुळे (डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग) वाहतुकीवर कधी बंदी लागते कधी उठते. आणि टेम्पोवाल्याने आदल्या दिवशी कुठली डुकरं नेली होती ते विचारा, गाडी धुतलीय का ते डोळ्यांनी बघा.

वेगळं ठेवायचं म्हणजे खरंच महिनाभर? आठवड्यात नाही भागणार?

नाही भागणार. ३० दिवस. या प्रश्नावर माझी सगळ्यात जास्त वादावादी होते.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० साली पहिल्यांदा सापडला, आसाम-अरुणाचलकडे. डुक्कर बाहेरून धडधाकट दिसत असतं आणि रोग आत शिजत असतो, लक्षणं दिसायला ४ ते १९ दिवस लागू शकतात. आपल्याकडे त्याची लस नाही, औषध नाही, जवळजवळ सगळी डुकरं मरतात. मग आठवड्याच्या क्वारंटाइनने काय कळणार? साधा स्वाइन फिव्हर, खोकला, खरूज, जंत यांनाही वर डोकं काढायला वेळ लागतोच.

माझा अनुभव सांगतो. चिंगी म्हणून एक पाट (तरणी मादी) घेतली होती, दिसायला देखणी, एकटीच आणली आणि संध्याकाळी सरळ आमच्या आक्काच्या (जुनी डुकरीण, काळी, साधारण ९० किलो) शेडमध्ये सोडली. शेजारचे काका कठड्यावर बसून म्हणाले, "झगडूंदेत रे, दोन दिसांनी गप बसतत बघ." भांडण खरंच दोन दिवसांत थांबलं पण तोवर चिंगीचा उजवा कान मधोमध फाटला होता, आणि तीन आठवड्यांनी बघतो तर आक्का दिवसभर माडाच्या खोडाला अंग घासतेय. कानापासून सुरुवात, मग काखेत, मग पोटाखाली. चिंगीबरोबर खरूज आली होती. सगळ्या डुकरांना इंजेक्शन, पुन्हा दोन आठवड्यांनी इंजेक्शन, शेड धुवा, पेंढा जाळा. चिंगी स्वस्तात मिळाली होती म्हणून मी खूश होतो.

वेगळं म्हणजे किती लांब?

जितकं जमेल तितकं, पण निदान नाकाला नाक लागता कामा नये आणि नव्यांच्या शेडचं सांडपाणी जुन्यांकडे वाहून येता कामा नये. आपल्याकडे उतारावर घरं, त्यामुळे हे दुसरं लोक हमखास विसरतात. आम्ही वाडीच्या खालच्या टोकाला चिऱ्याचा छोटा वाडगा केलाय, वर पत्रा, त्यावर झावळ्या. बादली वेगळी, फावडं वेगळं, गमबूट वेगळे. रोज आधी जुन्यांचं सगळं आटपायचं आणि मग नव्यांकडे जायचं, उलटं कधीच नाही. एवढी एक शिस्त पाळलीत तरी अर्धं काम झालं.

त्या महिन्यात नुसतं बघत बसायचं का?

बघणं हेच मोठं काम आहे खरं तर. सकाळी खाणं घातल्यावर सगळी धावून येतात की एक मागे राहतंय, एवढं बघितलं तरी पुरे. मागे राहिलं तर ताप बघा. थर्मामीटर गुदद्वारात, १०२-१०३ फॅरेनहाइट नॉर्मल, १०४ च्या वर गेलं की डॉक्टर.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काही टोचू नका, त्याला जागेवर स्थिर होऊ द्या. मग जंताचं औषध, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. स्वाइन फिव्हरची लस (हा साधा, आफ्रिकन नव्हे, नावावरून सगळेच गोंधळतात) आणि लाळ्या-खुरकूतची लस आधी दिलीय का ते विकणाऱ्याला विचारून, नसेल तर सरकारी डॉक्टरांना विचारून त्याच महिन्यात उरकून घ्या. महाराष्ट्रात १९६२ नंबर लावला की पशुवैद्यकीय मदत मिळते.

औषधाचा डोस वजनावर असतो आणि काटा कोणाकडे असतो? टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीने गुणा, मग ६९.३ ने गुणा. घेर ०.८० आणि लांबी ०.७५ मीटर असेल तर साधारण ३३ किलो. खाण्यात तोंड घातलेलं असताना मोजा, नाहीतर टेप पण खातं.

खायला काय घालायचं? हॉटेलचं उरलेलं चालतं का?

पहिले आठ-दहा दिवस ते जिथून आणलं तिथलंच खाद्य, म्हणून येताना त्याच माणसाकडून एक पोतं घेऊन या. मग हळूहळू तुमचं मिसळत जा. आम्ही भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, थोडी शेंगदाण्याची पेंड, वर भाजीपाला, फणसाची चारखंडं, सीझनला काजूची बोंडं. बोंडं एकदम टोपलीभर नको, थोडी थोडी. पावसाळ्यात पेंडीला आणि मक्याला बुरशी धरते, तो कुबट वास आला की ते पोतं फेकून द्या, "डुक्कर काय, काहीपण खातं" असं म्हणून घालू नका, लिव्हर जातं.

हॉटेलचं खरकटं: मी बंद केलंय. आफ्रिकन फिव्हरचा विषाणू कच्च्या, खारवलेल्या, फ्रोजन मांसात महिनोन्‌महिने जिवंत राहतो, आणि हॉटेलच्या डब्यात कुठल्या गावचं पोर्क पडलंय ते तुम्हाला कळणार नाही. घालायचंच असेल तर ९० अंशांवर पूर्ण एक तास, ढवळत ढवळत. ते करायला लागणारं सरपण आणि वेळ बघता कोंडा स्वस्त पडतो. कच्चा टॅपिओका (साबुदाण्याचा कंद, विषारी असतो) आणि हिरवे पडलेले बटाटे पण नकोत.

पाण्याचं एवढं काय सांगता सगळेच?

कारण डुकराला मिठाची विषबाधा होते आणि ती बऱ्याचदा मिठाने नाही, पाणी न मिळाल्याने होते. उन्हाळ्यात पंप जळाला, दोन दिवस टाकी कोरडी, डुकरं तहानलेली, मग पाणी आलं की तुम्ही मायेने बादल्या भरून ठेवता, ती ढसाढसा पितात आणि काही तासांत गोल गोल फिरायला, झटके द्यायला लागतात. पाणी तुटलं असेल तर परत देताना थोडं थोडं, अर्ध्या अर्ध्या तासाने. खारा बांगडा, सुकटीचं पाणी, लोणच्याचा खार यातलं काही घालू नका. आणि भांडं असं की ते उलटता येणार नाही. प्लास्टिकची बादली हे डुकरासाठी खेळणं आहे.

बरं, महिना झाला, आता जुन्यांत कसं मिसळायचं?

आता खरी मजा. घाई नको.

पहिला आठवडा मध्ये जाळी ठेवून शेजारी-शेजारी. जाळी मजबूत हवी, कोंबड्यांची जाळी आक्का पाच मिनिटांत गुंडाळून ठेवते. दोघांचं खाणं जाळीच्या दोन बाजूंना घाला, थोडं लांब, मग रोज जवळ. सुरुवातीला फेस येईपर्यंत दात वाजवतात, जाळीवर धडका. चार-पाच दिवसांनी जाळीला पाठी लावून झोपलेली दिसली की समजा वेळ झाली.

मिसळायचं कधी, तर संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, दोन्हीकडच्यांना पोटभर खाऊ घालून. पोट भरलेलं आणि झोप आलेली असली की भांडायचा उत्साह कमी. जागा कुठली, तर जुन्यांची शेड नव्हे. दोघांनाही नवीन अशी मोकळी जागा, आम्ही भाताचा कापलेला कुणगा (शेताचा तुकडा) वापरतो. शेडमध्ये सोडलं तर जुनी डुकरीण तिथली मालकीण असते आणि नवीन पिल्लाला पळायला जागा नसते, कोपऱ्यात सापडलं की संपलं. जमिनीवर मका पसरून टाका, शोधत बसतात. मध्ये पेंढ्याच्या गंज्या किंवा जुने टायर ठेवा म्हणजे मागे लपता येतं. खायची भांडी डुकरांपेक्षा एक जास्त, लांब लांब. ऊन असेल तर चिखलाचा खड्डा भिजवून ठेवा.

आणि त्या दिवशी तुम्ही तिथेच. मोबाइल खिशात. हातात प्लायवूडची फळी, गुडघ्यापासून कमरेपर्यंत येईल एवढी.

मारामारी किती झाली तर नॉर्मल?

होणार, हे धरूनच चाला. खांद्याला खांदा लावून ढकलणं, कान पकडणं, पाठलाग, कर्कश किंकाळ्या, मानेवर-खांद्यावर लाल ओरखडे. हे सगळं चालतं, कोण मोठं ते ठरवतायत. जे हरलं ते तोंड फिरवून पळालं आणि जिंकलेलं चार पावलं जाऊन थांबलं, की त्यांचं ठरलं. बहुतेक भांडण पहिल्या दिवसात होतं, दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते.

मध्ये कधी पडायचं, तर हरलेलं पळतंय तरी दुसरं सोडत नाही, रक्त नुसतं खरचटल्याचं नाही तर वाहतंय, किंवा एखादं तोंड उघडं टाकून धापा टाकत आडवं झालंय, तेव्हा. मध्ये घालायची ती फळी, हात किंवा पाय नाही. माझ्या पोटरीवर खूण आहे, दाखवतो कधीतरी. डुकराला समोरचं दिसलं नाही की ते वळतं, म्हणून फळी चालते आणि काठी चालत नाही. दमलेल्याला सावलीत काढून पाणी ओता अंगावर, पण एकदम बर्फगार नको.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. तुमचंच जुनं डुक्कर आजारी म्हणून तीन-चार आठवडे वेगळं ठेवलं आणि परत नेलं तरी बाकीची त्याला परकं समजून तुडवतात. त्याचीही ओळख पहिल्यापासून.

नर आणायचा असेल तर?

हौसेच्या वाडीत नको, असं माझं स्पष्ट मत. दोन मोठे नर एकत्र तर कधीच नाही, सुळे असतात, पोट फाडतात. पाच-सहा महिन्यांचा नर पिल्लं घालायच्या लायकीचा होतो, स्वतःच्या बहिणीलाही सोडत नाही, आणि मग ११४ दिवसांनी तुमच्याकडे आठ पिल्लं. खच्ची केलेला नर बिनधास्त ठेवा, शांत असतो.

शेळ्या, कोंबड्या, कुत्रा यांच्यात सोडलं तर?

शेळ्या मोठ्या असतील तर एकमेकांकडे दुर्लक्ष करतात, पण व्यालेल्या शेळीजवळ डुक्कर नको, नवजात करडू खाऊ शकतं. कोंबडीची पिल्लं तर फरसाण. कुत्र्याला पहिले दिवस बांधून ठेवा, तो भुंकला की नवीन डुक्कर कुंपण फोडून सरळ रस्त्यावर.

माडाबागेत मोकळं सोडू का? उकरून जमीन भुसभुशीत करेल ना?

करेल, आणि सुपारीची कोवळी रोपं, ठिबकची पाइप, हळदीचा वाफा पण भुसभुशीत करेल. ठरावीक तुकडा कुंपण घालून द्या आणि बदलत राहा. विजेचा झटका असलेलं कुंपण चांगलं, पण आधी शिकवावं लागतं. डुकराला झटका बसला की ते मागे नाही, पुढे उडी मारतं, म्हणून सुरुवातीला तारेच्या पलीकडे पक्की जाळी ठेवून चार-पाच दिवस ओळख करून द्या. जंगलालगत असाल तर बाहेरून दुसरं कुंपण हवंच. रानडुकरं रात्री येतात, नाक लावतात, आणि फिव्हर त्यांच्यातही असतो.

माणसांना काय आजार लागतात? घरच्यांना भीती वाटते.

आफ्रिकन फिव्हर माणसाला होत नाही, ते टेन्शन काढून टाका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, जनावरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून, आपल्याकडे पावसाळ्यात ऐकतोच दर वर्षी. म्हणून गमबूट, पायाला जखम असेल तर शेडमध्ये जाऊ नका, ताप आला तर डॉक्टरांना डुकरं पाळतो हे आपणहून सांगा. जपानी मेंदूज्वर भातशेतीतल्या डासांमुळे येतो आणि डुकराच्या रक्तात त्याचा विषाणू वाढतो, म्हणून शेड झोपायच्या खोलीपासून लांब आणि मच्छरदाणी.

तिसरा टेपवर्म. पूर्वी गोव्यात संडासाखाली डुकरं असायची, हे जुन्या लोकांना आठवत असेल. माणसाच्या विष्ठेतून अंडी डुकरात, तिथून नीट न शिजलेल्या मांसातून परत माणसात जंत. आणि अंडी हाताला किंवा कच्च्या भाजीला लागून पोटात गेली तर गाठी मेंदूत होतात, फिट्स येतात. त्यामुळे डुक्कर बंदिस्त, उघड्यावर कोणी बसायचं नाही, मांस पूर्ण शिजलेलं.

क्वारंटाइनमध्ये एखादं मेलं तर?

पुरून मोकळे होऊ नका, कापून खाऊ तर नकाच, कोणाला देऊही नका. कान-पोट जांभळं पडलंय, जोराचा ताप होता, पटापट मरतायत असं असेल तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. लोक लपवतात कारण आफ्रिकन फिव्हर निघाला तर एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात, भरपाई मिळते पण जीव जातोच. मला कळतं ते. पण लपवलं तर शेजारच्या गावची पण जातात.

ग्रामपंचायत, शेजारी, सबसिडी?

पंचायतीत आधी विचारा आणि शेजाऱ्यांना त्याच्याही आधी. वास येतो तो डुकराचा नाही, साचलेल्या पाण्याचा. उतार नीट असेल, रोज धुवून सांडपाणी शोषखड्ड्यात जात असेल तर तक्रार येत नाही. डुक्कर स्वतः झोपायच्या जागेत घाण करत नाही, पहिल्या दिवशी एका ओल्या कोपऱ्यात थोडं शेण टाकून ठेवा, तिथेच जायला लागतं. सबसिडी राष्ट्रीय पशुधन अभियानात आहे, पण ती ५० माद्या ५ नर अशा आकड्यांपासून. तुमच्या-माझ्यासाठी नाही.

माणसाळायला किती दिवस?

वाडग्यात बसून राहा, रोज पंधरा मिनिटं, हात पुढे न करता. चार दिवसांनी बुटाचा वास घेईल, आठवड्याने नाडी ओढेल. दोन आठवड्यांत कानामागे खाजवून घेईल आणि एकदा पोट खाजवायला आडवं पडलं की तुमचा रोजचा अर्धा तास गेला. चिंगी फाटलेल्या कानामागेच खाजवून मागते, आणि हल्ली आक्काच्या अंगावर मान टाकून झोपते.